त्सुशिमातल्या त्या दोन नौका

महोदय,

जपान आणि रशिया यांच्यात १९०५ साली समुद्रात झालेल्या त्सुशिमाच्या लढाईवरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. मात्र 'निश्शिन' आणि 'कासुगा' यांचा उल्लेख त्यात 'जपानी क्रूझर' एवढ्यावरच संपला. मी तीस वर्षे जहाजगोदीत फिटर होतो. जहाज कोणाच्या हातचे, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

या दोन्ही नौका इटलीत जिनोआजवळ बांधल्या गेल्या. 'जुझेप्पे गॅरिबाल्डी' वर्गातल्या दहा चिलखती क्रूझरपैकी (पोलादी कवचाच्या युद्धनौकांपैकी) या शेवटच्या. या वर्गाला गिऱ्हाईक एवढे, की इटलीने स्वतःच्या नौदलासाठी बांधायला घेतलेली 'गॅरिबाल्डी' अर्जेंटिनाने उचलली, त्याच नावाची दुसरी स्पेनने. इटलीच्या वाट्याला तिसरी आली. स्पेनने तर आपली नौका दहा इंची मुख्य तोफा न बसवताच क्युबाला धाडली. ३ जुलै १८९८ रोजी तिथल्या सँतियागो बंदरातून अमेरिकी नौदलाच्या तावडीतून निसटताना ती बाकीच्या स्पॅनिश नौकांना मागे टाकून पुढे गेली. चांगला कोळसा संपला, वेग पडला आणि शेवटी ती किनाऱ्यावर चढवावी लागली. असे जहाज तोफांविना लढाईला पाठवणे हा माझ्या मते गुन्हाच.

'निश्शिन' आणि 'कासुगा' अर्जेंटिनाने घेतल्या होत्या त्या चिलीच्या धाकाने. १९०२ च्या मे महिन्यात दोन्ही देशांचा समझोता झाला आणि बांधणीतल्या नौका सोडून द्यायचे ठरले. समेट खराच होता. सरहद्दीवर अँडीजमध्ये १९०४ साली येशूचा पुतळाही उभा राहिला. पण नौका कोणी मोडीत काढल्या नाहीत. डिसेंबर १९०३ मध्ये जपानने त्या विकत घेतल्या, जानेवारीत त्या जिनोआहून निघाल्या आणि फेब्रुवारीच्या मध्यावर जपानच्या योकोसुका बंदरात पोचल्या, तेव्हा रशियाशी युद्ध सुरू होऊन आठवडा झाला होता. एकीकडच्या शांततेने दुसरीकडच्या लढाईला नौका पुरवल्या, हे लेखात यायला हवे होते.

२७ मे १९०५ रोजी त्सुशिमात 'निश्शिन'च्या चार आठ इंची तोफांपैकी तीन निकामी झाल्या. पुढे पर्ल हार्बरमुळे जगाला माहीत झालेल्या यामामोतोंच्या डाव्या हाताची दोन बोटे त्याच नौकेवर गेली. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. याच डेकवर निरीक्षक म्हणून अर्जेंटिनाचे नौदल अधिकारी मानुएल दोमेक गार्सिया हजर होते. जिनोआत या नौकांच्या बांधणीवर देखरेख त्यांनीच केली होती. त्यांच्याविषयी स्वतंत्र लेख छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गोदी कामगार, रत्नागिरी