पाखऱ्याच्या डॉक्टर मॅडमना आभारपत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वैशाखात आमच्या कुत्र्याला, पाखऱ्याला, जीपच्या मागच्या बाकावर आडवा घालून तुमच्या दवाखान्यात आणले, तेव्हा तुम्ही सर्वप्रथम विचारले, "पळवण्याआधी याला किती वेळ चालवला होता?" मला उत्तर देता आले नाही, कारण चालवलाच नव्हता. आमच्या लातूर भागात कारवान जातीचे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या पाळले जाते आणि ते जन्मतःच पळणारे, त्याला पळण्याची तयारी ती काय करून घ्यायची, अशीच माझी समजूत होती. त्या दिवशी सकाळपासून साखळीला बसलेल्या पाखऱ्याला भर दुपारी सोडून दोरीने ओढलेल्या चिंधीमागे पाठोपाठ तीन वेळा पळवला आणि लगेच बाभळीखाली बांधून टाकला. तासाभराने त्याची कंबर आणि मांड्या लाकडासारख्या ताठ झाल्या आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची होऊ लागली.

स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील रंगद्रव्य रक्तातून मूत्रपिंडात उतरते आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकते, हे तुम्ही सलाईन लावता लावता समजावलेत. चार दिवसांनी तो स्वतःच्या पायांवर उभा राहिला. त्या उपचारांचे आभार मी तेव्हाच मानले होते. हे पत्र त्यानंतर तुम्ही जे शिकवलेत त्यासाठी आहे, आणि ते उघड लिहितो आहे, कारण कुत्री पळवणाऱ्या इतरांनीही ते वाचावे अशी इच्छा आहे.

आता पाखऱ्या आधी पाच-सात मिनिटे पट्ट्यावर चालतो, मग तेवढाच वेळ दुडक्या चालीने धावतो आणि शेवटी दोन-तीन छोट्या झेपा घेतो. स्नायू उबदार झाले की त्यांना रक्त अधिक मिळते, ते ताणाला लवकर तुटत नाहीत आणि रक्तातला प्राणवायूही त्यांना सहज मिळतो, हे तुमचे स्पष्टीकरण मला पटले. मात्र खरी खात्री पटली ती त्याचे पहिले पाऊल पाहून, कारण पूर्वी सुटताक्षणी मागचा पाय किंचित ओढत निघणारा हा कुत्रा आता सरळ निघतो. परदेशात ग्रेहाउंड जातीचे कुत्रे शर्यतीत सतत डावीकडे वळत धावतात आणि त्यामुळे त्यांच्या उजव्या मागच्या पायाच्या घोट्यातील हाडे अधिक मोडतात, हे तुम्ही सांगितल्यापासून आम्ही शेतात फेऱ्यांची दिशा बदलत राहतो.

पळून झाल्यानंतरची शिकवण अंगवळणी पडायला मात्र वेळ लागला. तापलेल्या अंगावर पाणी घालू नये, हे आमच्याकडे आजोबांपासून चालत आलेले वाक्य आहे आणि माझ्या आईने तर तुमच्या देखतच नाराजी दाखवली होती. तुम्ही वाद घातला नाहीत. गुदद्वारात थर्मामीटर कसा लावायचा ते दाखवलेत आणि एक थर्मामीटर माझ्या हाती दिलात. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. अर्ध्या मिनिटाच्या एका जोरदार धावेनंतर पाखऱ्याचे १०५ च्या वर गेलेले मी स्वतः वाचले, तेव्हा आईही गप्प झाली. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. त्याची सारी भिस्त धापेवर असते आणि दमट हवेत धापही पुरी पडत नाही. म्हणून आम्ही पावसाळ्यातल्या कोंदट संध्याकाळी त्याला पळवणेच बंद केले आहे.

धाव संपली की त्याला एकदम न थांबवता दहा-पंधरा मिनिटे सावलीत हळू चालवतो, पोटावर, जांघेत आणि पंजांवर पाणी घालतो आणि वारा लागू देतो. ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवण्याची चूक मी एकदा केलीच. त्याने वारा अडतो आणि टॉवेलच गरम होतो, हे तुम्ही फोनवर सांगितलेत. पिण्याचे पाणी थोडे थोडे देतो. खाणे धाप पूर्ण थांबून तासभर झाल्यावरच, आणि पळण्याआधी भरपेट तर मुळीच नाही, कारण अशा खोल छातीच्या कुत्र्याचे पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो. चालवून झाले की बोटांच्या बेचक्यांत बाभळीचे काटे शोधतो. ते मात्र आजोबाही करायचे.

तुम्ही त्या दिवशी उन्हाला दोष देऊन मला सोडून दिले असते, तर मी आनंदाने तेच मानले असते. तुम्ही चूक माझी आहे हे स्पष्ट सांगितलेत, पण आवाज चढवला नाहीत आणि त्यामुळेच मला ते ऐकता आले.

पाखऱ्या आता सहा वर्षांचा आहे. पूर्वीच्या तीन धावांऐवजी त्याला एकच धाव देतो. पुढच्या महिन्यात लसीसाठी त्याला घेऊन येईन, तेव्हा त्याच्या मागच्या मांड्या एकदा हाताने तपासून द्याव्यात, ही विनंती.

आपला नम्र,
लातूर जिल्ह्यातील एक कारवानपाळक