आधी घरी शिका, मग पुण्याला जा

संपादक महोदय,

आयटीत जायचं असेल तर आधी पुणं गाठून क्लास लावा, असं सांगणारा लेख तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाचला आणि अजिबात पटला नाही. आमच्या रावेर-यावलकडे केळीच्या पट्टीचे (विक्रीच्या हिशोबाचे) पैसे हातात आले की लोक ते क्लासच्या फीत घालतात, वर खोलीभाडं आणि मेस वेगळंच, आणि पोराला कोडिंग आवडतं की नाही हेच अजून कळलेलं नसतं. ते घरी बसूनही कळतं ना! आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल, म्हणजे व्हिडिओ धडे, फुकट आहेत, लिनक्स ही सिस्टीम, सी, पायथन या कोडिंगच्या भाषा चक्क मराठीतून, आणि एनपीटीईएलचे (आयआयटींचे ऑनलाइन) कोर्सही फुकट, पैसे फक्त सर्टिफिकेटच्या परीक्षेचे.

पण नुसते व्हिडिओ बघून काही होत नाही. घडांचं वजन, भाव, हमाली, तोलाई टाकली की पट्टी काढून देणारा छोटासा प्रोग्राम लिहून बघा. वजनाच्या जागी चुकून अक्षर पडलं की तो बंद पडतो, मग का पडला ते शोधत बसावं लागतं, खरं शिकणं तिथंच होतं. तो कोड गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवायच्या वेबसाइटवर, ठेवा, इंटरव्ह्यूत त्यावर बोलता येतं.

पुण्याला जाऊच नका असं म्हणत नाही, नोकऱ्या तिकडेच जास्त आहेत. पण आधी पाच-सहा महिने हे करा आणि मग जा, एवढं तुमच्या पेपरनं पालकांना सांगावं ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, रावेर (जि. जळगाव)