मागच्या कुंपणावरचा गुलाब

स्लाऊ, इंग्लंड, २९ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मागच्या कुंपणावरच्या गुलाबाचं नाव सापडलं, बाबा! निदान माझी तरी खात्री पटलीये.

शेजारच्या आजी म्हणतात, त्या १९६२ साली इथे राहायला आल्या तेव्हाही हा वेल होताच. घर घेतलं त्या वर्षी फेब्रुवारीत मी तुमच्या ऑक्टोबर छाटणीसारखा तो सपाटून छाटला आणि आपल्याकडच्यासारखी ४५ दिवसांत फुलं येतील म्हणून दिवस मोजत बसले. फुटवे माझ्या डोक्याच्या वर गेले, फूल एकही नाही. फार वाईट वाटलं तेव्हा. आपल्या गुलाबांना नव्या फुटीवर फूल येतं. हा वर्षातून एकदाच फुलतो, तोही गेल्या वर्षीच्या काडीवर, आणि मी नेमक्या त्याच काड्या कापल्या होत्या. यंदा कात्री लावलीच नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कुंपण दिसेनासं झालं.

कळी किरमिजी. उमलली की जांभळी, मधोमध पांढरा डोळा, त्यात पिवळे केसर, आणि एखाद्याच पाकळीवर चुन्याचं बोट ओढावं तशी पांढरी रेघ. उन्हानं रंग उतरून राखाडी होतो, म्हणून एकाच घोसात तीन रंग दिसतात. काटे अगदी विरळ. वास हिरव्या सफरचंदाचा.

आधी वाटलं, वरचं कलम मरून खालचा खुंटच वाढला असेल. पण खुंटाला वापरतात त्या मल्टिफ्लोरा या रानगुलाबाचं फूल पांढरं, पाच पाकळ्यांचं. रक्त मात्र त्याचंच आहे. पानाचा देठ काडीला चिकटतो तिथल्या उपपर्णांना कंगव्याच्या दातांसारखी झालर आहे. ही मल्टिफ्लोराची खूण.

मग अशा वेलगुलाबांच्या जातींतले जांभळे तेवढे ताडून पाहिले. ‘ब्लू मजेंटा’ आणि ‘रोझ-मारी व्हियो’ गच्च पाकळ्यांचे, आमचा सुटसुटीत. ‘व्हायोलेट’ जास्त गडद, त्यात पांढरं जेमतेम. उरला ‘फाइल्शेनब्लाऊ’. जर्मनीतल्या एरफुर्टच्या श्मिट यांनी १९०९ मध्ये आणलेला. सगळ्या खुणा जुळल्या.

आणि बाबा, याच्या आईबापांपैकी एक ‘क्रिमसन रॅम्बलर’. तो मूळचा जपानकडचा, पण १८९३ मध्ये बाजारात आणला तो टर्नर यांच्या नर्सरीनं, इथे स्लाऊमध्येच! हे वाचलं आणि पायात चप्पलसुद्धा न घालता मागे जाऊन उभी राहिले.

बहर संपला की फुलून गेलेल्या काड्या बुडातून काढायच्या आणि नवे फुटवे आडवे बांधायचे, एवढंच करणार आहे. उपपर्णांचा फोटो सोबत ठेवलाय. भिंग घेऊन बघा आणि आपल्या गच्चीवरच्या खुंटाशी ताडून मला लिहा. आईला घोसाचा फोटो दाखवा, तिला तो राखाडी रंग आवडेल.

तुमची,
मनू