गॉगलमधली सभा आणि गिळलेला ‘नाही’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आभासी वास्तवाचा (व्हीआर) गॉगल लावून, म्हणजे त्यात डोळ्यांपुढे दिसणाऱ्या खोट्या श्रोत्यांसमोर बोलून, सभाधीटपणा कमावण्याविषयीचा लेख आपल्या अंकात वाचला. या प्रकाराला खेळणे म्हणून नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. आभासी वास्तवाचे संशोधक मेल स्लेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ सालीच एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात संगणकाने रंगवलेल्या श्रोत्यांसमोर लोकांना बोलायला लावले. समोरची माणसे खोटी आहेत हे ठाऊक असूनही, ती कंटाळल्यासारखी, तुच्छतेने वागू लागली की एरवी धीट असलेल्या वक्त्यांचाही धीर सुटला. म्हणजे भीती खरी असते, आणि खरी असल्यामुळे ती तिथे मोडूनही काढता येते.

माझी तक्रार वेगळी आहे. लेखात आवाजाबद्दल जवळपास काहीच नाही.

भाच्याच्या आग्रहाने मीही तो गॉगल चढवला आणि मुद्दाम ‘कंटाळलेले श्रोते’ निवडले. तिसऱ्या रांगेतला एक गृहस्थ मान खाली घालून मोबाइल बघत बसला, आणि पाचव्या वाक्याला माझी पट्टी चढली. घाबरले की श्वास उथळ होतो, गळा आवळतो, स्वरतंतू ताणले जातात. सगळे माहीत असून तेच झाले. शेवटी यंत्राने गुण दिले. वेग उत्तम, नजर उत्तम, ‘अं’ फक्त चार. मी खूश! तेवढ्यात खोलीच्या दुसऱ्या टोकाहून भाचा म्हणाला, “मावशी, ते करायचं आहे की करायचं नाही? शेवटचं ऐकूच आलं नाही.”

गोम इथेच आहे. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते आणि नकारही त्याच्याच बरोबर. श्वास संपतो तोही तिथेच. इतर शब्द विरले तर श्रोता अंदाज बांधतो, ‘नाही’ विरला तर अर्थच उलटतो. यंत्राला हे कळणार कसे? त्याचा मायक्रोफोन ओठांपासून चार बोटांवर, त्याला कुजबुजही लख्ख ऐकू येते. शिवाय कानांवर हेडफोन असले की आपला आवाज आपल्यालाच नीट ऐकू येत नाही आणि नकळत आपण जोर लावतो. गोंगाटात आवाज आपोआप चढतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्येच नोंदवले होते. अशा वेळी सवय लागते ती ओरडण्याची, आवाज दूरवर पोचवण्याची नव्हे. (विचार करायला घेतलेला विरामही माझ्या यंत्राने ‘अडखळणे’ म्हणून मोजला, ते तर सोडाच.)

म्हणून हे प्रोग्राम बनवणाऱ्यांना एकच विनंती. ऐकणारा कान वक्त्याच्या तोंडाशी ठेवू नका, शेवटच्या रांगेत ठेवा. सभागृहाचा घुमारा घाला, पंख्याची घरघर घाला, आणि वाक्याचा शेवटचा शब्द तिथवर पोचला का, एवढे सांगा.

तोवर आमची गावठी सोय चालू आहे. मी गॉगल लावून बोलते, हेडफोन मात्र काढून ठेवते. भाचा दूर कोपऱ्यात माझ्याकडे पाठ करून बसतो आणि क्रियापद ऐकू आले नाही की टाळी वाजवतो. परवा दहा मिनिटांत सात टाळ्या पडल्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका