माउसला हात लावायचा नाही

बडोदे,
गुरुवार, संध्याकाळ

ती. आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

छापील पत्र बघून बाबा आधी पाकीट उलटंसुलटं करतील, बँकेची नोटीस तर नाही ना म्हणून. नोटीस नाही, मीच आहे. दांडिया बाजारात मी मोठ्या माणसांना संगणक शिकवते, त्या संध्याकाळच्या वर्गात बसून टाइप करतेय. आज सगळ्यांना घरी पत्र लिहायला सांगितलं, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "आणि तुम्ही काय नुसत्या फेऱ्या मारणार?" म्हणून मीही बसले. आजीला सांगा, परदेशातल्या नातीचं पत्र आलंय. नवापूर ओलांडलं की तिच्या लेखी परदेशच.

वर्गात ११ जण आहेत. सगळ्यात धाकटी ३८ वर्षांची, सगळ्यात थोरले काका ७१ चे. निम्मे मराठी घरांतले, निम्मे गुजराती. काहींना राहिलेली दहावी द्यायचीय, आणि हल्ली फॉर्म भरण्यापासून नोट्सपर्यंत सगळं पडद्यावर. म्हणजे इंग्रजी-गणिताच्या आधी हा नवा विषय.

पहिला महिना मी वाया घालवला. प्रोजेक्टर लावून "राइट क्लिक, लेफ्ट क्लिक" सांगत होते, माना डोलत होत्या, कळांना कोणी हात लावत नव्हतं. आमच्या एक काकू रोजचे ६० डबे करतात, कोणाचे किती पैसे बाकी ते तोंडपाठ. पण माउसवर हात ठेवला की बोट थरथरायचं. एकदा हळूच विचारलं, "हे मोडलं तर भरून किती द्यावे लागतील?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोडण्याची भीती, आणि त्याहून जास्त चारचौघांत हसं होण्याची. त्यांच्या बँकेत काउंटरवरच्या मुलाने "द्या इकडे, तुम्हाला नाही जमायचं" म्हणत फोन हातातून ओढून घेतला होता. तेव्हापासून फोन वाजला तरी त्या सुनेला हाक मारायच्या.

मग मी उलटं सुरू केलं. एक दिवस फक्त बिघडवायचं. काहीही बडवा, सगळं पुसून टाका, मग कंट्रोल-झेडने परत आणा. दुसऱ्या आठवड्यात पत्ते! खरंच, संगणकावरचा पत्त्यांचा डाव. १९९० च्या विंडोजमध्ये तो खेळ घातला होता, आणि पान उचलून दुसऱ्या पानावर नेता नेता माणसाला माउस वापरायची सवय व्हायची. एकीचे यजमान मात्र कुरकुरले, "शिकायला जाते म्हणते आणि पत्ते कुटते." तिसरा नियम माझ्यासाठी: कोणाच्याही माउसला हात लावायचा नाही. बोलायचं, पण हात पाठीमागे. सुरुवातीला इतकं जड गेलं की मी एक हात दुसऱ्यात घट्ट धरून उभी राहायचे.

खरी मजा टायपिंगची. इन्स्क्रिप्ट म्हणजे आपल्या भाषांसाठी केलेली कळांची मांडणी. तिच्यात डाव्या हाताला स्वर, काना, मात्रा, वेलांट्या, आणि उजव्या हाताला व्यंजनं. शिफ्ट धरलं की क चा ख, ग चा घ, प चा फ. बाराखडी येणाऱ्याला अर्धी वाट आधीच माहीत. आणि भाषा बदलली की त्याच कळेवर गुजराती क उमटतो! हे कळलं त्या दिवशी डबेवाल्या काकू आणि शेजारच्या बेन एकमेकींच्या कळा तपासत बसल्या, अर्धा तास.

७१ चे काका आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवायचे. 'शिक्षक' टाइप करायला घेतलं आणि सवयीने आधी वेलांटी दाबली, कारण खिळ्यांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी बसते. पडद्यावर ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ आलं. मी पाठीमागे हात आवळून गप्प. चार वेळा पुसलं, पाचव्यांदा आधी श टाकला, मग वेलांटी. ती टुणकन उडी मारून पुढे. काका वळून सगळ्यांना म्हणाले, "वेलांटी मागून येते आणि पुढे जाऊन बसते, लग्नातल्या व्याह्यासारखी." आता जोडाक्षर अडलं की मला कोणी विचारत नाही, त्यांना विचारतात. "आधी पाय मोड, मग पुढचं अक्षर," हे त्यांचं पालुपद.

"या वयात कशाला" हे रोज कोणीतरी म्हणतंच. मी सयाजीरावांचं सांगते. आपल्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली दत्तक म्हणून इथे आला, तेव्हा १२ वर्षांचा होता आणि अक्षरओळख नव्हती. पुढे १९०६ मध्ये त्यानेच अख्ख्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मावशी म्हणाल्या, "तो बाराचा होता, मी बासष्टची. आणि त्याला शिकवायला सगळा दरबार होता." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आई, आता तुझ्याशी. दिवाळीत तू विजेचं बिल भरत होतीस आणि मी "दे गं इकडे, दोन मिनिटांत होईल" म्हणून फोन घेतला. झालंही दोन मिनिटांत. त्या दिवसापासून बिल दादाच भरतो, हे त्याने परवा सांगितलं. त्या बँकेतल्या मुलावर वर्गात मी किती तोंडसुख घेतलंय, म्हणून ऐकून कसंसंच झालं. पुढच्या महिन्यात येतेय तेव्हा बिल तूच भर. वीस मिनिटं लागू देत, मी शेजारी बसून शेंगा सोलीन. फक्त ओटीपी कोणी फोनवर मागितला तर द्यायचा नाही, अगदी माझा आवाज असला तरी. बाबांनाही सांग, ते भिडेपोटी देतील.

थांबते. कोपऱ्यातून हाक आलीय, "बेन, बधुं जतुं रह्युं!" अर्धं पत्र उडालेलं दिसतंय. हात मागे बांधून जाते.

तुमची,
ताई