गोठ्याच्या अनुदानात अंगणही धरा

महोदय,

उन्हाळा तोंडावर आला की दूध उत्पादकांच्या बैठकीत पंखे, फॉगर आणि पत्र्यावर टाकायचं पाचट याच गोष्टींवर बोललं जातं. गाय दाव्यावरून सोडून अंगणात मोकळी ठेवायची का, हा विषय क्वचितच निघतो. खरं तर तो गोठा बांधतानाच निघायला हवा.

शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत २०२१ पासून रोजगार हमीतून पक्का गोठा मिळतो. दोन ते सहा जनावरांसाठी ७.७ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद जागा, गव्हाण, मूत्रसंचय टाकी, पाण्याची टाकी असं सगळं मापासकट ठरवून दिलेलं आहे. पावसाळ्यात चिखलात उभ्या राहणाऱ्या कितीतरी जनावरांची यामुळे सोय झाली, हे मान्य करायलाच हवं. पण त्या मापांत मोकळं अंगण नाही. भारतीय मानकांत एका गाईला छताखाली ३.५ आणि उघड्यावर ७ चौरस मीटर, तर म्हशीला ४ आणि ८ चौरस मीटर जागा धरली आहे. म्हणजे छताच्या दुप्पट जागा उघडी हवी आणि नेमकी तीच अनुदानातून गळाली आहे.

मग अनुदानाचा गोठा उभा राहतो, कोबा होतो, खुंटे ठोकले जातात आणि संकरित गाय एकामागून एक वेतं त्याच खुंट्यावर काढते.

गाय उठते कशी, हे जरा निरखून पाहावं. ती आधी मागचा भाग उचलते आणि त्यासाठी डोकं चांगलं पुढे झोकते. दावं आखूड आणि समोर गव्हाणीची भिंत असली की झोका पुरा होत नाही. ती धडपडते, गुडघे कोब्यावर घासतात, पुढच्या वेळी बसायलाच कंटाळते. बसणं कमी झालं की रवंथही कमी. ओल्या कोब्यावर खूर मऊ पडून लंगडणं सुरू होतं, ते वेगळंच.

माझ्या गोठ्याशेजारी जाळी मारून, मुरूम टाकून आम्ही गाई सोडल्या, तेव्हा एक जुनी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय आधी दारातच थबकली. मग लिंबाच्या बुंध्याला मान घासत कितीतरी वेळ उभी होती. मान खाजवायची सोय तिला इतकी वर्षं नव्हती.

पैशाच्या हिशेबातही हे परवडतं. माज, म्हणजे गाय फळवण्याजोगी होण्याचा काळ, बहुतेकदा रात्री किंवा पहाटे येतो. बांधलेल्या गाईचा मुका, फारशी लक्षणं न दाखवणारा माज कळत नाही, तो हुकला की पुढचे २१ दिवस फुकट चारा. मोकळ्या गाई एकमेकींवर चढतात, त्यामुळे माज लपत नाही आणि रेतन वेळेवर होतं. शेणही रोज दोनदा ओढावं लागत नाही. त्यामुळे घरच्या बायकांची कंबर वाचते. याचा हिशेब कुणीच मांडत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

अडचणी आहेत. पावसाळ्यात अंगणाला उतार आणि मुरूम नसेल तर चिखल होऊन कासेचे आजार वाढतात. शिंगांची दांडगी गाय गरीब गाईला गव्हाणीवर येऊ देत नाही, अशा दांडगीला वेगळं ठेवावं लागतं. आमच्या भागात बिबट्या आहे, रात्री जनावरं पक्क्या कुंपणातच हवीत. जागेची सबब मात्र मला पटत नाही. दहा गाईंना ७० चौरस मीटर अंगण लागतं, ते एका गुंठ्याहूनही कमी भरतं.

म्हणून शासनाला विनंती आहे, की गोठ्याच्या अंदाजपत्रकात कुंपण, मुरूम, अंगणातली पाण्याची कुंडी आणि सावलीची दोन झाडं यांचा खर्च धरावा. झाडं रोजगार हमीतून लावता येतात, त्यासाठी नवी योजना काढायची गरज नाही. ज्यांचे गोठे आधीच झाले आहेत, त्यांना फक्त अंगणासाठी अर्ज करण्याची मुभा द्यावी. पंचायत समितीत आज विचारायला गेलं तर अशा कामाला खर्चाचं लेखाशीर्षच नाही, असं उत्तर मिळतं.

– एक दूध उत्पादक, ता. संगमनेर, जि. अहिल्यानगर