एकशे बारा मात्रा

ती. आई-बाबा,
सा. न.

पुण्याच्या कार्यक्रमानंतर रिक्षात बाबांनी विचारलं होतं, "छान झालं गं, पण तू नक्की काय वाजवत होतीस?" मी घरापर्यंत फुगून बसले होते. त्यात आईच्या मागच्या रांगेत कुणी म्हणालं म्हणे, "मेल बघतेय वाटतं!"

तर आता कबूल करते, प्रश्न रास्त होता. चाळीस मिनिटं मी लॅपटॉपमागे मान खाली घालून उभी. आवाज माझ्या हातानं बदलला की आपोआप, हे समोरच्याला कळणार कसं?

हे दुखणं माझं एकटीचंच नाही. मी वापरते ते एबलटन लाइव्ह, म्हणजे लॅपटॉपवर संगीत वाजवायचं सॉफ्टवेअर, घडवणाऱ्यांपैकी एक, बर्लिनचा रॉबर्ट हेन्के. त्यानंही २००३ च्या सुमारास स्वतःच्या कार्यक्रमांसाठी बटणं आणि नॉब असलेला एक खोका बनवला होता.

मी पहिल्यांदा ट्रॅक छाटले. ३२ होते, ७ उरले. जीव तुटला, पण ३२ ट्रॅक दोन हातांनी वाजतच नाहीत, नुसते सांभाळले जातात. आता एका नॉबला एकच काम. टेबलही आडवं लावते, म्हणजे बोटं दिसतात.

बोट आणि आवाज यांत अंतर पडत होतं, तेही काढलं. बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी कॉम्प्युटर जमवतो तो साठा, ५१२ सॅम्पलचा (आवाजाच्या बारीक तुकड्यांचा) होता, म्हणजे तिथेच साडेअकरा मिलिसेकंद जात होते. १२८ वर आणला तर तीनच्या आत. पण कॉम्प्युटर धापा टाकायला लागला, स्पीकर तडतडायला लागले. मग जड आवाज आधीच रेकॉर्ड करून ठेवले. बाबा, याला फसवणूक म्हणू नका. तबल्यासोबत फिरत राहणारी धून, तो लेहरा, नाही का मशीनवर लावत तुम्ही?

आता खरी गंमत. डाव्या हाताला सात मात्रांचं आवर्तन, उजव्याला सोळाचं. दोन्ही एकत्र सुरू केली की पुन्हा ११२ व्या मात्रेनंतरच एका ठिकाणी येतात. माझ्या लयीत बरोबर १४ सेकंद. (सात मात्रांच्या रूपक तालाची सम, म्हणजे पहिली मात्रा, टाळीऐवजी 'खाली'वर असते, माहीत आहे. इथे तो वाद नको.) पूर्वी मी हे विणकाम सगळ्या आवाजांखाली गाडून टाकायची. आता सुरुवातीला ही दोनच आवर्तनं, बाकी सगळं बंद. चार-पाच वेळा ती भेटली की लोक वाट बघायला लागतात. परवा तालमीला आलेल्या शेजारच्या काकूंची मान पाचव्या वेळी बरोबर समेवर हलली! मग मी मुद्दाम सहाव्या वेळी समेवर काहीच वाजवलं नाही. काकू खुर्चीत पुढे सरकल्या.

रविवारी व्हिडिओ कॉलवर पूर्ण वाजवून दाखवते. बाबा, हातावर मोजत बसा आणि कुठे घसरले ते लगेच सांगा, कौतुक नंतर.

आई, लाडवांचा डबा परत मागू नकोस. त्यात आता केबली आहेत.

तुमची,
मनू